स्प्लिंटर तळ्यातल्या माशाची नोंद

विषय : स्प्लिंटर तळ्यातल्या चंदेरी माशाच्या नोंदीत दुरुस्ती होण्याबाबत.
संदर्भ : (१) सोमवारची फिल्म, (२) शुक्रवारची फिल्म, (३) पेढीकडून आलेली तीन उत्तरं, तिन्ही अत्यंत नम्र.

वरील विषयास अनुसरून निवेदन करणारी मी एक प्रकाशपेटी आहे. पत्र्याची चौकट, आत चार ट्यूबलाइट, वर दुधी काच. बटण दाबलं की थोडी कुरकुर करून पेटते. माझा जन्म इस्पितळांसाठी पेट्या करणाऱ्या कारखान्यात झाला. माझ्या बहिणी जन्मभर मोडलेली हाडं दाखवत राहिल्या. माझ्या वाट्याला मासे आले.

सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठावर पोर्ट हॅलिडन नावाचं गाव आहे. तिथल्या मत्स्य संशोधन केंद्रात मी नोकरीला लागले. माझ्यावर दोघांचा हक्क होता. एक केंद्राचे प्रमुख, डंकन मॅकफेल, आणि दुसरी त्यांची तंत्रज्ञ, आयर्या लेहतोनेन.

माशाचा वारसा चार अक्षरांत लिहिलेला असतो : ए, सी, जी, टी. तो वाचायला त्या काळी आठवडा लागायचा, आणि शेवटी हाती यायची एक फिल्म. तिच्यावर चार रांगांमध्ये काळ्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. फिल्म माझ्या काचेवर ठेवायची, मला पेटवायचं आणि खालून वर वाचत जायचं. रेघ ज्या रांगेत, ते अक्षर. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. मग दोन माशांची अक्षरं शेजारी शेजारी मांडायची. फरक थोडे असले तर भावकी जवळची, जास्त असले तर कधीच वेगळी झालेली. एवढ्यावर ही मंडळी लाखो वर्षांपूर्वीच्या वाटण्या सांगत असत. तेव्हाचा एकही साक्षीदार हयात नसल्याने सहसा कोणी हरकत घेत नसे.

आयर्याचा आवाज बारीक होता, पण लय पक्की. "ए, ए, सी, टी, जी..." मला ते फार आवडायचं.

"घसा बसला तुझा," डंकन म्हणायचे. "दे इकडे, मी वाचतो."

"तुम्ही नको. तुम्हाला जे हवं असतं तेच दिसतं."

"अगं, मी इथला प्रमुख आहे!"

"म्हणून तर."

एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीत स्प्लिंटर तळ्यातला मासा माझ्यावर आला. वीतभर लांबीचा, चंदेरी. सरोवरातल्या नेहमीच्या माशापेक्षा तो वेगळा आहे की तोच, एवढाच प्रश्न होता. सोमवारी आयर्याने फिल्म वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"नऊ फरक आहेत."

"नऊ?" डंकन हसले. "बाई, ते तळं कालपरवापर्यंत बर्फाखाली होतं." त्यांचं कालपरवा म्हणजे दहा हजार वर्षं. "बर्फ वितळल्यावर मासे तिथे गेले ते सरोवरातूनच. फरक शून्य हवा. फार तर एक."

"मला नऊ दिसतात."

"फिल्म खराब आहे. पहिल्यापासून पुन्हा कर."

आयर्याने ती फिल्म पाकिटात घालून खणात ठेवली आणि पुन्हा केलं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुसरी फिल्म आली. फरक शून्य. सरोवरातल्या माशाशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळत होती. डंकन इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना वेलदोड्याचा पाव आणला. इतकं तंतोतंत जुळल्यावर कोणाला तरी शंका यायला हवी होती. पण आपल्याला हवं ते उत्तर आलं की माणसं तपासणी थांबवतात. ही सवय मी नंतरही बऱ्याच विद्वानांत पाहिली.

नोंद जागतिक अक्षरपेढीत दाखल झाली; जगभरच्या जीवांची वाचलेली अक्षरं तिथे जमा होतात. दाखलकर्ता डंकन मॅकफेल, सहदाखलकर्ती आयर्या लेहतोनेन. त्या काळी तंत्रज्ञांची नावं घालायची पद्धत नव्हती. डंकन मात्र घालायचे, आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, "वाचते ती, मी फक्त चुका काढतो."

पुढे यंत्रं आली. ती दुपारपर्यंत लाखो अक्षरं वाचतात आणि त्यांचा घसा बसत नाही. मला जिन्याखाली ठेवण्यात आलं. सोबत दोन मोडक्या खुर्च्या आणि एक कृत्रिम नाताळवृक्ष. आयर्या निवृत्त झाली. डंकन वारले, तेही मला कोणीतरी नाताळवृक्ष काढायला आलं तेव्हा समजलं.

मागच्या शरद ऋतूत जोसी पेल्तिए नावाच्या संशोधक मुलीने मला बाहेर काढलं, पुसलं आणि आपल्या टेबलावर ठेवलं. मी पहिल्या झटक्यात पेटले. तिने स्प्लिंटर तळ्यातले सहा मासे वाचले होते, एक्क्याण्णव सालचा मासा केंद्रात बरणीत जपलेला होता, त्याच्या पराचा तुकडा कापून तोही वाचला होता. सगळ्यांत सरोवरातल्या माशापेक्षा नऊ अक्षरं वेगळी. मग तिने आयर्याला बोलावलं. आयर्या एक्क्याऐंशी वर्षांची झाली आहे. चालायला चौकट लागते, चष्मा लागत नाही.

जोसीने दोन्ही फिल्म माझ्यावर ठेवल्या. "मिसेस लेहतोनेन, सोमवारची बरोबर आहे. माझ्याशी जुळते. मग शुक्रवारचा मासा आला कुठून?"

"तेव्हाची वही दे." आयर्याने पानं उलटली. ज्या दिवशी नमुना दुसऱ्यांदा तयार केला, त्या पानावर तेलाचा एक गोल डाग होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

"पोरी, बाहेर उणे तीस असायचं. ही पेटी गरम व्हायची. मी माझा डबा हिच्यावर ठेवायचे."

"डब्यात काय होतं?"

"काळ्या पावावर खारवलेला मासा. सरोवरातला, तोच नेहमीचा."

जोसीने कपाळाला हात लावला. "आणि मग त्याच हातांनी..."

"मग त्याच हातांनी नळ्यांची झाकणं उघडली. भिंतीवर 'इथे खाऊ नये' अशी पाटी होती. तिच्याच खाली बसून खायचे मी, उजेड चांगला यायचा."

नमुना कणभर असतो. त्याच्या प्रती काढून काढून तो वाचण्याजोगा करतात, आणि प्रती काढताना कोणाचा कण हे कोणी विचारत नाही. उबेला मी होते. मलाही या प्रकरणात सहआरोपी धरावं, असं मी प्रांजळपणे नमूद करते.

"डंकन असते तर हसले असते," जोसी म्हणाली.

"हसले असते. मग पोस्टात जाऊन चूक कळवून आले असते." आयर्याने डोळे पुसले. "ते मासे आहेत ना अजून?"

"आहेत. पण मत्स्यखातं येत्या जूनमध्ये तळ्यात ट्राउट मासे सोडणार आहे, गळ टाकणाऱ्यांसाठी. ट्राउट यांना दोन हंगामांत संपवतील. खातं म्हणतं, हा मासा सरोवरातलाच, पेढीत तशी नोंद आहे. मी माझी नवी नोंद दाखवली. तर म्हणाले, दोन नोंदी परस्परविरोधी आहेत, जुनी मागे घेतली जाईपर्यंत नवी विचारात घेता येत नाही."

"मग घे मागे."

जोसीने पेढीला लिहिलं. उत्तर आलं, अर्ज मूळ दाखलकर्त्याने करावा. तिने कळवलं, ते वारले. उत्तर आलं, आम्हाला वाईट वाटतं, अशा परिस्थितीत दाखलकर्त्याचं संमतिपत्र जोडावं. तेव्हा जोसीने टेबलावर हात आपटला. माझी एक ट्यूब तेव्हापासून लुकलुकते. तिसऱ्या पत्रात मात्र कोणा भल्या माणसाने नोंद उघडून पाहिली होती : सहदाखलकर्ती हयात असल्यास तिचा अर्ज चालेल.

आयर्या त्याच दिवशी टॅक्सी करून आली. अर्जात दुरुस्तीच्या कारणासाठी तीन पर्याय होते : टंकनदोष, नामदोष, इतर. तिने 'इतर' निवडलं आणि एका बोटाने, सावकाश टंकून लिहिलं : "नोंदवलेला मासा स्प्लिंटर तळ्यातला नाही. तो माझ्या डब्यातला होता. चूक माझी आहे, डॉ. मॅकफेल यांची नाही."

"शेवटचं वाक्य लागत नाही," जोसी म्हणाली.

"मला लागतं."

अर्ज अकरा मार्चला गेला. आयर्याचा केंद्रातला इमेल पत्ता निवृत्तीनंतर बंद झाल्याने ओळख पटवण्यासाठी कागद मागवले गेले. ते अठरा मार्चला टपालाने रवाना झाले. मे महिना संपत आला आहे. आयर्या दर मंगळवारी फोन करून विचारते, आणि जोसी तिला पडद्यावरचा शब्द वाचून दाखवते. ट्राउट सोडण्याची तारीख चौदा जून आहे. अर्ज प्रलंबित आहे.