चार कुलपांचे फाटक

पर्यटक मोटारी थेट वाळूत नेतात आणि मग गावाकडे ट्रॅक्टर मागतात, म्हणून आमच्या किनाऱ्याच्या उतारावर लोखंडी फाटक बसले. निर्णय योग्य होता. पण वाळू एका खात्याची, सुरूचे बन दुसऱ्याचे, उतार तिसऱ्याचा आणि वाहनतळ ग्रामपंचायतीचा. त्यामुळे फाटकाला चार कड्या आल्या आणि प्रत्येक कडीला वेगळे कुलूप.

जीवरक्षक अक्षयाची इंजिनाची होडी फाटकाच्या अलीकडे, समुद्र पलीकडे. बुडणाऱ्याच्या हाती चारेक मिनिटे असतात, हे तिने समन्वय समितीला तीनदा सांगितले होते.

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून मी समितीत तज्ज्ञ होतो. मी सुचवले, "एकच साखळी ठेवा आणि कुलपे एकमेकांत अडकवून तिची दोन्ही टोके जोडा. कोणतेही एक उघडले की साखळी सुटेल."

"म्हणजे आम्हाला न विचारता झाडांचं खातं फाटक उघडणार?" वाळूच्या साहेबांनी विचारले.

"हो."

"मग समन्वय कुठे राहिला, सर?"

सूचना एकमताने फेटाळली गेली. समितीचे ते पहिले एकमत.

पुढच्या सोमवारी सराव झाला. पेंढा भरलेला पुतळा पाण्यात सोडला आणि मी घड्याळ लावले. तीन कुलपे उघडली. चौथी किल्ली उताराच्या साहेबांसोबत मिरजोळ्याला बैठकीला गेली होती. दोन मिनिटे झाली. पुतळा ओहोटीबरोबर निघाला.

"अक्षये, इकडं ये गो," मासेमारी सोडलेला धोंडू म्हणाला. "त्या बाजूनं धर. वर उचल."

कुलपांकडे त्याने पाहिलेही नाही. दोघांनी फाटक बिजागरीच्या खुंट्यांवरून वर उचलले आणि उरलेल्या कुलपाच्या आधारावर दारासारखे उलट्या बाजूने उघडले. होडी तीन मिनिटे चाळीस सेकंदांत पाण्यात होती.

"सायेब, ही बिजागरी कोनाच्या खात्याची?" धोंडूने विचारले.

हजर असलेल्या तिन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिले. मग तिघेही चहाला गेले.

संध्याकाळी मी अहवाल लिहायला बसलो, तेव्हा ओल्या कपड्यांतच अक्षया आली.

"सर, बिजागरीचं लिहू नका."

"निरीक्षण आहे ते. लपवता येत नाही."

"लिहिलंत तर पाचवं कुलूप येईल."

आयुष्यात मी एकही नोंद गाळलेली नाही. विद्यार्थ्यांचे त्यासाठी गुण कापले आहेत. तरी लिहिले: 'होडी ३ मिनिटे ४० सेकंदांत पाण्यात. फाटकाची चारही कुलपे सुस्थितीत.'

यातले एकही विधान खोटे नाही.