दुकानात गाणारा, गाडीत रडणारा

मित्रांनो, मला तोंड आहे, पण घास भरवल्याशिवाय मला बोलता येत नाही. माझा घास म्हणजे कॅसेट. ती आत सरकते, खट्ट असा आवाज होतो आणि मी गाऊ लागतो. गाडीतला जुना टेप म्हणतात तो मीच. माझ्या बटणांवरची अक्षरं बोटांनी कधीच पुसून नेली. आवाज वाढवायच्या बटणाची टोपी हरवली, तिथे टूथपेस्टच्या नळीचं झाकण बसवलं आहे. खरं सांगू? ते मला शोभतं.

लांबच लांब टेबलं असलेल्या एका कारखान्यात मी जन्मलो. एका बाईंनी माझ्या पोटात रबराचा नाजूक पट्टा चढवला. चढवताना त्या स्वतःशीच गुणगुणत होत्या. पुढे मी पुष्कळ गाणी गायलो, पण मी ऐकलेलं पहिलं गाणं त्यांचं.

तिथून मी एका तरुणाच्या गाडीत आलो. घरात तो सगळ्यांत लहान, म्हणून त्याचं नाव धाकटाच पडलेलं. मिशी आली तरी धाकटा. तो मला फार जपायचा. कापसाच्या बोळ्याने माझं तोंड आतून पुसायचा, गाडी उन्हात उभी करायची झाली तर माझ्यावर रुमाल टाकायचा. मित्र विचारायचे, "अरे, टेप आहे की तान्हं बाळ?" तो हसायचा आणि आवाज वाढवायचा.

माणसांना वाटतं, टेपला नुसतं तोंड असतं, कान नसतात. म्हणून माझ्यासमोर ती मनातलं सगळं बोलतात. धाकट्याच्या बोलण्यात सारखी त्याची ताई असायची. त्याला सायकल शिकवली ती ताईने, आणि तो पडल्यावर घरी खोटं सांगून त्याला वाचवलं तेही ताईने.

पुढे त्याने ती गाडी विकली. मला मात्र विकलं नाही. मऊ फडक्यात गुंडाळून तो मला ताईकडे घेऊन गेला. तिच्या यजमानांनी, म्हणजे धाकट्याच्या दाजींनी, एक जुनी गाडी घेतली होती आणि तिच्यात टेपची जागा रिकामी होती.

दाजी मोठे हौशी. गाडी त्यांनी आपल्या हाताने आकाशी रंगात रंगवली होती. दारं, दारांच्या कडा, पायाखालचा पत्रा, इतकंच काय, डॅशबोर्डच्या आतली, कोणी वाकून बघणार नाही ती जागासुद्धा. धाकट्याने मला तिथे बसवलं, वायरी जोडल्या, कॅसेट भरवली. गाडी उभी होती तोवर मी छान गायलो. इंजिन सुरू झालं आणि माझ्या गाण्यामागून एक बारीक रडका सूर निघू लागला. गाडीने वेग घेतला की तो चढायचा, वेग उतरला की तोही उतरायचा. गाण्याच्या खोलीत जणू कोणी डास सोडला होता.

"मेहुणे, बरी भेट दिलीत," गाडी चालवता चालवता दाजी म्हणाले. "घरातलं भंगार टाकायला आमचीच गाडी सापडली."

सगळे हसले. पण धाकटा जरा कमी हसला.

"दाजी, माझ्या गाडीत तो असा नव्हता."

"म्हणजे माझी गाडी वाईट?"

"तसं कुठे म्हणालो मी?"

"मग कसं म्हणालात?"

"अहो, टेपच आहे. राहू द्या ना," ताई म्हणाली.

"टेपचं नाही गं. बिघडलेली वस्तू चांगली म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये, एवढंच."

पुढच्या वळणावर धाकट्याने गाडी थांबवायला सांगितली. "मला इथे जरा काम आहे," म्हणाला आणि उतरला. तिथे कसलं काम? तिथे एक लांबलचक भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

त्यानंतर तो त्या गाडीत बसला नाही. दाजी घरी नसतील अशा वेळी ताईला फोन करायचा.

मित्रांनो, तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. दाजी मला उचकटून दुरुस्तीवाल्या काकांकडे न्यायचे. काका मला टेबलावरच्या बॅटरीला जोडायचे आणि मी स्वच्छ गायचो. गाडीत परत बसवलं की पुन्हा तेच रडणं. स्पीकर बदलून झाले, वायरी बदलून झाल्या. "दुकानात गुणाचं बाळ, घरी आलं की भोकाड," दाजी वैतागून म्हणायचे. कुठे दुखतंय ते मला कळत होतं. पण माझ्याजवळ शब्द कॅसेटचे, माझे स्वतःचे कुठले?

शेवटी काकाही चिडले. "साहेब, रोग्याला घरी ठेवून त्याची जीभ तेवढी तुम्ही दवाखान्यात आणता. आता यायचं तर गाडी घेऊन या."

"माझ्या गाडीला मी परक्याचा हात लागू देत नाही."

"मग राहिलं."

मग राहिलंच. मी डॅशबोर्डात मुका बसून राहिलो. माझ्या तोंडात धूळ साचली.

एके दिवशी ताई गाडीत दाजींना म्हणाली, "धाकट्याला लांबची नोकरी लागली आहे. रविवारी निघतोय. इतक्यात काही यायचा नाही तो. आपण सोडू ना त्याला स्टेशनवर?"

"तो बसेल आपल्या गाडीत?"

"तुम्ही बोलावलंत तर बसेल."

"आणि मी का बोलवायचं? मी काय खोटं बोललो?"

ताईने काच खाली केली आणि बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गाडी घेऊन निघाली. मी बंद होतो, म्हणून तीच हळू आवाजात गात होती, स्वतःच जुळवलेलं काहीतरी:

भाऊ निघाला दूरगावी, वाट माझ्या दारावरून
गेला म्हणू नका कोणी, येतो म्हणाला वळून

ती थेट काकांच्या दारात थांबली. काकांनी इंजिन सुरू ठेवायला सांगितलं आणि माझं रडणं नीट ऐकून घेतलं. मग एक लांब वायर आणली. तिचं एक टोक गाडीच्या बॅटरीला लावलं आणि दुसरं माझ्या पाठीला. त्याच क्षणी रडणं थांबलं.

"टेपमध्ये काही नाही हो, ताई," काका म्हणाले. "वीज एका वायरने येते. काम झालं की तिला परत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे गाडीचा पत्रा. टेपची ही काळी वायर त्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. आता इथे वाकून बघा. बोल्टाखाली रंग. कोणी इतक्या प्रेमाने रंग दिलाय की विजेची वाटच बुजली. मग ती भटकते आणि इंजिनाचा आवाज गाण्यात घेऊन येते."

"मग खरवडा ना रंग."

काका थांबले. "खरवडायला मिनिट लागत नाही. पण साहेबांची गाडी आहे. हे घ्या." त्यांनी तिच्या हातात पॉलिश पेपरचा एक तुकडा ठेवला.

घरी आल्यावर ताईने दाजींना गाडीपाशी बोलावलं आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. भांडली नाही. पेपरचा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेली.

दाजी पाना घेऊन आले. मग डॅशबोर्डखाली आडवे झाले, तो लावला, बोल्ट सोडवला. त्यांचे हात आपलाच रंग घासत होते आणि आकाशी भुकटी त्यांच्या कपाळावर पडत होती. खालून पत्रा उजळून निघाला. त्यांनी वायर तिथे घट्ट आवळली. मग खिशातून फोन काढला. "मेहुणे," म्हणाले आणि जरा खाकरले, "रविवारी तयार राहा. न्यायला येतोय."

रविवारी धाकटा मागच्या सीटवर बसला, बॅग मांडीवर घेऊन, पाहुण्यासारखा. दाजींनी कॅसेट भरवली. गाडी पुढे नेलीच नाही. उभ्या उभ्या त्यांनी जोरात ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं. पुन्हा दाबला.

"दाजी, गाडी फोडताय की काय?"

"ऐक ना जरा."

"काय ऐकू?"

"काही ऐकू येत नाही ना? तेच ऐक."

धाकटा पुढे झुकला. माझ्या गाण्यामागे काहीच नव्हतं. नुसतं गाणं होतं.

"बोल्टाच्या जागेवर रंग मीच दिला होता," दाजी समोर बघत म्हणाले. "तुझा टेप चांगला आहे. तेव्हाही चांगलाच होता."

"बोल्टाच्या जागेवरसुद्धा रंग?"

"दोन हात."

आधी ताईला हसू फुटलं, मग धाकट्याला. त्याने बॅग मांडीवरून खाली ठेवली, हात लांब करून माझं टूथपेस्टचं झाकण फिरवलं आणि आवाज वाढवला. स्टेशनवर उतरताना तो खिडकीशी वाकला. "येतो गं ताई," म्हणाला. मग दाजींना म्हणाला, "येतो. टेप सांभाळा."

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्या घरी येईल. ती कुरकुर करू लागली तर तिला लगेच भंगारात टाकू नका, आणि ती देणाऱ्यालाही बोल लावू नका. ती जिथे बसवली आहे, तिथेही एकदा वाकून बघा.

साऱ्या आकाशी गाडीत नखाएवढी एकच जागा आता बिनरंगाची आहे. दाजी दरवर्षी गाडीला रंग देतात, पण तिथे ब्रश नेत नाहीत. गंज चढू नये म्हणून बोटाने थोडं ग्रीस लावतात. मी तिथूनच गातो.