क्रूगचं कार्ड उतरणार नाही

आमच्या टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघात एक जुना नियम आहे. नवे खेळाडू हेरणाऱ्या ज्या स्काउटने पसंतीच्या खेळाडूचं कार्ड भिंतीवर लावलं, त्यानेच ते उतरवायचं. दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही, मग तो मॅनेजर का असेना.

मी लॉर्ना पिकेट. एकोणीस वर्षं या संघासाठी कॅन्सस, नेब्रास्का आणि ओक्लाहोमाची कॉलेजं पालथी घालते आहे. गुडघे गेले, नवराही गेला (मेला नाही, कंटाळून गेला), पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी स्वतःचं कार्ड कधी उतरवलेलं नाही. त्यामुळे ड्राफ्टच्या आधीच्या मंगळवारी मॅनेजर रीड हॅल्व्हर्सनने भरल्या बैठकीत मला हुकूम सोडला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"लॉर्ना, क्रूगचं कार्ड काढ."

"का?"

"उद्या मालकीणबाई भिंत बघायला येतायत. क्वार्टरबॅकच्या रांगेत वर एकच नाव दिसलं पाहिजे."

क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा गडी, सगळा खेळ त्याच्या हातावर चालतो. आमचा जुना क्वार्टरबॅक गेल्या हंगामात एकसष्ट वेळा जमिनीवर लोळवला गेला आणि जानेवारीत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, खांद्याचा चुरा घेऊन घरी बसला. आता नवा हवा होता. गुरुवारी ड्राफ्टला सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडणार, आमचा नंबर नववा, आणि भिंतीवर दोन कार्डं शेजारीशेजारी, अगदी एका उंचीवर. एक ट्रेस वॉल्डनचं, ते हॅल्व्हर्सनचं लाडकं. दुसरं एमेट क्रूगचं, ते माझं.

वॉल्डन मोठ्या कॉलेजचा. साडेसहा फुटांना जरा कमी, चेंडू सत्तर यार्ड फेकतो आणि टीव्हीवर गोड हसतो. शिवाय त्याचा पंजा सव्वादहा इंचांचा. आमच्याकडे पोराचा पंजा अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजतात. बायकोचा वाढदिवस विसरणारे पुरुष हे आकडे इंचाच्या आठव्या भागापर्यंत तोंडपाठ म्हणून दाखवतात. क्रूगचा पंजा नऊ इंचही भरत नाही. कॅन्ससच्या ज्या गावचा तो आहे, तिथे मैदानाच्या एका बाजूला धान्याची कोठारं आहेत आणि सामन्याला आलेल्या परक्या माणसाला त्याची आई बिरॉक खाऊ घालते. कोबी आणि खिमा भरलेले ते पाव मी तीन खाल्ले होते. अहवालात मात्र फक्त फेकीबद्दल लिहिलं.

"अगं, तो मुलाखतीत अकरा सेकंद गप्प बसला होता," हॅल्व्हर्सन म्हणाला. "आपल्या माणसाने घड्याळ लावून मोजलंय. डोकं संथ आहे त्याचं."

"तू त्याला विचारलंस, आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती. पोराने विचार करून खरं उत्तर दिलं. तुला विचारलं असतं तर अकरा दिवस लागले असते, आणि तरी एकही सापडली नसती."

कोणालातरी कॉफीचा ठसका लागला. हॅल्व्हर्सन हसला नाही.

"घड्याळच लावायचं ना?" मी उठले. "मग जिथे लावायला हवं तिथे लावू या. मी दोघांची एकूण एक फेक मोजलीय. चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंत वॉल्डनला तीन पूर्णांक एक सेकंद लागतात. क्रूगला दोन पूर्णांक दोन. आता आपली लाइन किती वेळ टिकते ते सांगा."

सगळ्यांनी टेबलाच्या टोकाकडे बघितलं. तिथे अँब्रोस डफी बसला होता. अंगावर येणाऱ्या धटिंगणांना अडवायला क्वार्टरबॅकच्या पुढे जे पाच जण उभे राहतात त्या लाइनचा तो कोच. वय त्रेसष्ट, आवाज ट्रकच्या भोंग्यासारखा. माझा घटस्फोट झाला तेव्हा हा माणूस दर रविवारी खिमा-राजम्याच्या चिलीचं पातेलं घेऊन माझ्या दारात यायचा. माझं बोलणं त्याला किती लागणार ते मला ठाऊक होतं. तरी मी बोलले.

"दोन पूर्णांक चार. गेल्या हंगामाची सरासरी आहे ही."

अँब्रोसची मान लाल झाली. "माझ्या पोरांना नावं ठेवतेस? तू? माझ्या तोंडावर?"

"तोंडावरच ठेवतेय, पाठीमागे नाही. वॉल्डनच्या कॉलेजात त्याच्यापुढे पाच डोंगर उभे असतात, तिथे त्याने सँडविच खाऊन मग चेंडू फेकला तरी चालतं. इथे त्याला अर्ध्या सेकंदाहून जास्त कमी पडणार. पोर चांगलं आहे, मला त्याचा राग नाही. पण आपल्या लाइनमागे दोन वर्षांत त्याचं भुसकट होईल. क्रूगने चार वर्षं याहून वाईट लाइनमागे काढलीत. चेंडू हातात यायच्या आधी त्याचं ठरलेलं असतं."

"झालं भाषण?" हॅल्व्हर्सनने विचारलं. "कार्ड उतरव, नाहीतर शनिवारी ऑफिसच्या किल्ल्या दे."

"किल्ल्या हव्या तेव्हा घे. कार्ड उतरणार नाही."

बैठक मोडली. अँब्रोस माझ्याकडे न बघता निघून गेला. खरं सांगते, नोकरीपेक्षा तेच जास्त लागलं.

बुधवारी सकाळी मी आले तर भिंतीवर एकटा वॉल्डन. क्रूगचं कार्ड गायब. एकोणीस वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. सगळे आपापल्या कागदांत डोकी खुपसून बसलेले, आणि हॅल्व्हर्सन खिडकीतून काहीतरी फार महत्त्वाचं बघत होता.  मी कोरं कार्ड घेतलं, मोठ्या अक्षरांत 'एमेट क्रूग' लिहिलं, खाली माझी सही केली आणि वॉल्डनच्या शेजारी थापटून लावलं. तेवढ्यात दार उघडलं आणि काठी टेकत आमच्या मालकीण व्हँडरमोलेनबाई आत आल्या. त्यांच्या नवऱ्यानेच हा संघ उभा केला आणि कार्डाचा तो नियमही त्यानेच घातला.

"दोन कशी?" बाईंनी विचारलं.

"एकटीचं मत आहे, मॅडम," हॅल्व्हर्सन म्हणाला. "लॉर्नाचं म्हणणं, आपली लाइन तीन सेकंदसुद्धा टिकत नाही."

त्याने मुद्दामच तसं सांगितलं. आता अँब्रोस चवताळणार आणि माझा निकाल लागणार, असा त्याचा हिशोब. बाई अँब्रोसकडे वळल्या.

"टिकेल का हो, डफी?"

एवढं 'टिकेल' म्हणाला असता तर त्याची अब्रू राहिली असती, नोकरीलाही धोका नव्हता. अँब्रोस टेबलावर दोन्ही हात रोवून उभा राहिला.

"नाही, मॅडम. लॉर्नाचं मोजमाप चुकलंय."

अँब्रोसने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ती म्हणते दोन पूर्णांक चार. मी काल पहिल्या सामन्यापासून पुन्हा मोजलं. दोन पूर्णांक तीन आहे. लाइन टिकली असती तर आपल्या जुन्या क्वार्टरबॅकचा खांदा आज शाबूत असता. मी दर सामन्यात त्याला मैदानातून उचलून आणत होतो. आता दुसऱ्या पोराला उचलायची माझी इच्छा नाही. क्रूगला घ्या."

आणि खाली बसताना माझ्यावर खेकसला, "तरी मोजायला शीक नीट, बये!"

मला भर बैठकीत रडू आलं. नाक पुसलं आणि सगळ्यांकडे डोळे वटारून बघितलं. बघू दे, म्हटलं.

बाईंनी जवळ जाऊन दोन्ही कार्डं वाचली. मग म्हणाल्या, "मॅनेजर मी नेमलाय. निवड त्याची." आणि गेल्या.

गुरुवारी संघाने वॉल्डनला घेतलं. शुक्रवारी संध्याकाळी, दुसऱ्या फेरीत, पश्चिमेकडच्या एका संघाने क्रूगला उचललं. शनिवारी हॅल्व्हर्सनने मला बोलावून एक शेवटची संधी दिली. अहवालातला क्रूगबद्दलचा माझा शेरा बदलायचा, म्हणजे नोकरी राहील. अहवाल कायमचे जपून ठेवतात, तिथे संघाचा एकच सूर दिसायला हवा, म्हणाला. मी त्याच्याच पेनने शेऱ्याखाली दुसऱ्यांदा सही केली आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

गाडीपर्यंत पोचले तोच फोन वाजला. क्रूग होता. मागे आईचा, नातेवाइकांचा, भांड्यांचा गोंधळ ऐकू येत होता.

"मॅडम, कोच डफींनी सांगितलं मला," तो म्हणाला आणि थांबला. "माझ्यामुळे तुमची नोकरी गेली?"

"तुझ्यामुळे?" मी म्हटलं. "अरे वा! एकोणीस वर्षं राबून मी ती स्वतःच्या हिमतीवर घालवलीय. माझं श्रेय तू कशाला लाटतोस?"