स्पर्धा वाढवायची आहे

सोमवारी दुपारी नानासो म्हणाले, "मायाबाई, औंदा आपली स्पर्धा वाढवायची ठरलंय," आणि मी खुळ्यासारखी हसले.

नानासो म्हणजे आमच्या कोरेगावचे केबलवाले. खाली वडिलांपासूनचं किराणा दुकान, वर माडीवर केबलची खोली. गावभर त्यांच्या काळ्या वायरी, चिंचेवरनं, कौलांवरनं, देवळाच्या कळसाला वळसा घालून गेलेल्या. सात वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात आलं की सिनेमे दाखवून दाखवून किती दाखवायचे, आपली माणसंच दाखवू. तेव्हापासून दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी सातला 'नामवंत नाचतात' ही स्पर्धा. नामवंत म्हणजे कोण, तर ज्याला बाजारात चार माणसं हाक मारून चहा पाजतात तो. डॉक्टर नाचले, हेडमास्तर नाचले, निवृत्त सुभेदार नाचले, एका वर्षी गुळाचा अडत्या असा नाचला की स्टेजची फळी बदलावी लागली. लोक पोस्टकार्डावर मत लिहून दुकानातल्या पेटीत टाकायचे.

आणि या सगळ्यांचे नाच बसवायचे मी. नाच मी कुणाकडं शिकले नाही. तंबूतल्या सिनेमात बघितला, जयंतीच्या मिरवणुकीत करून पाहिला, उरलेला चुलीपुढं. टीव्हीवर मी कधी दिसले नाही. एकदा पडद्याच्या कडेला माझा कोपरापर्यंतचा हात दिसला होता. माझ्या नवऱ्यानं, राजरत्ननं, टेप थांबवून तो शेजारपाजाऱ्यांना दाखवला.

सातवी शिकलेली बाई मी, अंगणवाडीत खिचडी शिजवते. पण ते चार महिने तालुक्यातली मोठी माणसं मला 'बाई' म्हणायची, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. मी त्यांच्या मनगटाला धरून त्यांना वळवायचे, चुकले तर परत करायला लावायचे. ज्यांच्या अंगणात माझी आई चार हात लांब उभी राहायची, त्यांच्यातलेच होते काही. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. पण स्पर्धा गेली तर काय जाणार, हे मला नीट ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात कडेगावहून पत्र आलेलं. तिथल्या मुलींच्या वसतिगृहशाळेच्या मुख्याध्यापिका येसूबाई बहिणीकडं कोरेगावला आल्या असताना त्यांनी आमचा कार्यक्रम पाहिला होता आणि नाच बसवणाऱ्या बाईचं नाव विचारून घेतलं होतं. मुलींना कवायत आणि नाच शिकवायला बाई हवी आहे, सर्टिफिकेटाचा आग्रह नाही, आठ दिवसांत कळवावे. राजरत्न एसटीच्या वर्कशॉपात. तो म्हणाला, "जायाचं तर जा. शनवारी येशील की. मी भाकरी थापाय शिकतो."

"तुला स्टोव्ह पेटवता येईना," मी म्हटलं.

त्यात नानासोंचं हे बोलणं. स्पर्धा वाढवायची. आठवड्यातून दोनदा करतील, लोणंदपर्यंत वायर नेतील, काहीही असेल. मी संध्याकाळीच कार्ड लिहिलं, 'आमचे काम वाढणार असल्याने येणे जमणार नाही, क्षमस्व.' राजरत्ननं जाताजाता ते पोस्टात टाकलं. शब्दाचा पक्का माणूस, विसरलासुद्धा नाही.

मंगळवारी दिवेलागणीला चहापूड आणायला नानासोंच्या दुकानात गेले. त्यांची बायको अंबूबाई तांदळाची पोती आत ओढत होती. मला बघून म्हणाली, "आत्ताच दुकान वाढवलं बगा. उद्या या."

मी पायरीवरच थांबले.

दुकान 'बंद केलं' म्हणत नाहीत. अशुभ असतं. दुकान वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, गावात जन्म गेला माझा. पण आमच्या आबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर असले शब्दही घराबाहेर ठेवले. फुटलं तर फुटलं म्हणायचं, मेला तर मेला. आमच्या घरात वाढणं म्हणजे वाढणं, नाहीतर ताटात वाढणं. आणि नानासो तीन पिढ्यांचे दुकानदार.

"बाई, बरं न्हाई का?" अंबूबाई म्हणाली.

"न्हाई, काय न्हाई."

विचारायला हवं होतं. अंबूबाईला तिथंच विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर येतं.

त्या दिवसापासून मला जे दिसू लागलं ते आधीही डोळ्यांपुढं होतंच. पूर्वी मतांच्या पोस्टकार्डांचं पोतं भरायचं, औंदा टोपलीत मावत होती. मोठ्या चॅनेलवर गुरुवारी सातलाच नट-नट्यांचे नाच लागायचे, आमच्याच वायरीतनं, आमच्याच शेजारच्या नंबरावर. बुधवारी सकाळी एक परका माणूस वहीत खांब मोजून घेत चालला होता. नानासोंचा वायरमन चिंचेवर चढलेला. तो वायर सोडतोय की गुंडाळतोय हे बघायला मी उन्हात किती वेळ उभी राहिले कोण जाणे. तो नुसताच बसला होता, विडी ओढत.

बुधवारी मंगल कार्यालयात तालीम. औंदा शेवटच्या फेरीत दोघं उरली होती. गुंडा पैलवान, ज्यानं आयुष्यात कुणाला घाबरू नये असं अंग, आणि बनुबाई, पंचायत समितीच्या माजी सभापती, वय बासष्ट, ज्या खरोखरच कुणाला घाबरत नाहीत.

"पैलवान, कंबर," मी म्हटलं.

"हाय की जाग्यावर."

"तेच म्हणते. जाग्यावर नको."

बनुबाई पायरीवर बसून पान लावत होत्या. "आवं बाई, नानासो म्हणला, स्पर्धा वाढवायची. पुढल्या साली माझ्या सुनंला घ्या. लय मुरडती घरात, जरा लोकांस्नी बी दिसू दे."

"वाढवायची म्हणजे नेमकं काय, विचारलं का तुमी?"

"त्यात काय इचारायचं? वाढवायची म्हंजी वाढवायची." आणि मग त्यांचा कात लावणारा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचंही किराणा दुकान होतं एके काळी.

"इचारा की तुमी," त्या हळूच म्हणाल्या.

"तुमी मोठ्या. तुमी विचारा."

"माझ्या नातीचं लगीन धरलंय. भरल्या घरातनं असला इषय मी कशाला काढू?"

पैलवान मधेच उभा होता, एक हात कमरेवर, एक वर. "काय झालं? कोन गेलं का?"

"कुणी न्हाई. चालू ठेवा," मी म्हटलं. त्यानं चालू ठेवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याची कंबर ठेक्यावर हलली. मला शाबास म्हणायचं सुचलं नाही.

गुरुवारी चारलाच मी माडीवर गेले. नानासो टेपांच्या ढिगात बसले होते, सात वर्षांच्या. प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात नावं.

"नानासो, वाढवायची म्हणजे बंद करायची का?"

ते दचकले. माझ्या प्रश्नाला नाही, त्या शब्दाला. खालच्या दुकानापर्यंत ऐकू गेला का, म्हणून जिन्याकडं बघितलं. मग मान हलवली.

पुण्याच्या एका कंपनीनं वायरी घ्यायचं ठरवलं होतं. पुढल्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सगळं त्यांचं. गावचं चॅनेल त्यांना नको. "मी लय सांगितलं त्यास्नी," नानासो म्हणाले. "एक टेप बी दाखवली, सुभेदारांची. तो पोरगा हसत हुता. मला वाटलं, आवडलं. मग कळलं, तसलं हसनं न्हवं ते."

मी खाली बसले. कडेगावला टाकलेलं माझं कार्ड आता कुठवर पोचलं असेल, याचा हिशेब डोक्यात सुरू झाला.

"एक काम हुतं बाई," ते म्हणाले. "आज शेवटाला लोकांस्नी सांगाय पायजे माईकवर. माज्या तोंडातनं त्यो शब्द निघत न्हाई. अंबू म्हणती, दुकानदारानं काढू नये. बनुबाई नको म्हणत्यात. पैलवान तर ऐकूनच रडंल. तुमच्यात…" ते थांबले, टेपेवरची धूळ पुसली. "तुमच्यात त्याचं काय नसतं न्हवं?"

सात वर्षांत पहिल्यांदा मला कॅमेऱ्यापुढं बोलावणं आलं ते असं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावून घरी गेले असते. आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं; आमच्यात त्याचं काही नसतं, असं मीही समजत होते. पण 'सांगते' म्हणताना मीही नानासोंसारखं जिन्याकडं बघितलं. मंगळवारपासून मनात हजारदा घोळवलेला शब्द मी एकदाच मोठ्यानं उच्चारला होता, तोही प्रश्न म्हणून.

कार्यक्रम झाला. पैलवान नाचला, बनुबाई नाचल्या, टोपलीतली कार्डं मोजून बनुबाई जिंकल्या. हॉलमध्ये दीडेकशे माणसं, बाकीचं गाव घरोघरी टीव्हीपुढं, निदान तशी आशा. नानासोंनी माईक माझ्या हातात दिला आणि स्वतः खांबामागं गेले. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा माझ्याकडं बघत होता. मी लोकांना सात वर्षं सांगत आले होते की दिव्याकडं बघू नका, माणसांकडं बघा. मी दिव्याकडंच बघितलं.

"ही स्पर्धा आजपासून बंद झाली," मी म्हणाले. पुढं एक वाक्य पाठ करून गेले होते, आभाराचं. ते आलं नाही. आलं ते असं, "यातले सगळे नाच मी बसवले. माझं नाव माया राजरत्न कांबळे."

कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं 'शिव शिव' म्हणून कानाला हात लावला. पैलवान खरंच रडत होता, बनुबाई त्याला पदर देत होत्या.

"कांबळेबाई," मागून कुणीतरी शेजारच्याला म्हणालं, "मला वाटलं नानासोची पावनी हाय."

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं मी निघाले. रहिमतपूर, पुसेसावळी, दोन्ही बाजूंनी ऊस. मांडीवर पिशवी, पिशवीत दोन लुगडी, म्हणजे राहायचंच आहे अशा तयारीनं आणि मनात एवढंच, की माझ्या आधी पोस्टमन पोचलेला नसू दे.

येसूबाई व्हरांड्यात पोरींच्या वेण्या तपासत होत्या. मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून माझंच कार्ड काढलं.

"काल आलं. तुम्ही न्हाई म्हणालात."

"चुकून म्हटलं."

"चुकून?"

एका शब्दानं घोटाळा केला, हे या बाईंना कसं सांगायचं, मला कळेना. "समजण्यात चूक झाली," मी म्हटलं. "माझं काम वाढणार न्हवतं. बंद होणार होतं. काल झालं."

त्यांनी चष्मा काढला. "मी कालच सांगलीच्या एका बाईंना फोननं कळवलंय. पदवीधर हायत. पंधरा तारखेला हजर होणार."

मी मान डोलावली. पिशवी उचलली. परतीची गाडी किती वाजता, हेसुद्धा विचारायचं त्राण नव्हतं.

"त्यांना नाच येतो का, ते मी इचारलं न्हाई," येसूबाई म्हणाल्या. "पंधराला अजून बारा दिवस हायत. तवर पोरी मोकळ्याच. शिकवा काय ते. मग बघू. शब्द मात्र देत न्हाई."

"नको," मी म्हटलं, "शब्द नकोच."

मागच्या अंगणात साठ-सत्तर पोरी उभ्या केल्या. निळ्या परकरातल्या, काही अनवाणी, सगळ्या माझ्याकडं बघणाऱ्या. यातली एकही नामवंत नव्हती. एकीनंही मला कधी पाहिलेलं नव्हतं. बारा दिवस. मी पिशवी भिंतीला टेकवली, पदर खोचला आणि म्हटलं, "हाताचं अंतर सोडून रांगा करा."

"व्हय, बाई," पोरी म्हणाल्या, आणि धक्काबुक्की करत रांगा करू लागल्या.