पाच खोल्यांतलं भांडण

उभा संसार त्या दोघांनी एका खोलीत केला होता. आपल्या देशात, मोठ्या शहरात, चौथ्या मजल्यावरची खोली. काका बस चालवायचे, काकू दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पेशंटांचं जेवण रांधायच्या. दोघं निवृत्त झाले आणि पेन्शन महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात धापा टाकू लागली. हिवाळ्यात हीटर लावायचा की काकांची दाढ दुरुस्त करायची, हा वाद दर वर्षी निघायचा आणि दर वर्षी हीटर जिंकायचा.

मग काकांच्या डेपोतल्या एका जुन्या सोबत्याचा परदेशातून फोन आला. "अरे, काय तिथं कुडकुडत बसलास? इकडं ये. याच पेन्शनीत इकडं माणूस ऐटीत राहतो."

काकांनी लगोलग तिकिटं काढली. काकूंनी डोळे पुसत पुसत बॅगा भरल्या आणि शेवटी, जागा उरली नाही म्हणून, पोळपाट-लाटणं हातात घेऊन विमानात बसल्या.

इथं त्यांना मिळालं ते पाच खोल्यांचं घर. पुढं दोन खोल्या रस्त्याकडं तोंड करून, मागं दोन अंगणाकडं, मधे लांबलचक बोळ आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची कोठी, पण ती मालकीणबाई खोलीत धरत नसत. "ती तुम्हाला वरून दिली," म्हणाल्या. तीन महिने राहून बघा, पटलं तर वर्षाचा करार करू, असं ठरलं.

काका नुसते हवेत. दाढ पहिल्याच आठवड्यात दुरुस्त झाली. मग बूट आले, मग वेताची खुर्ची आली, मग तीन छत्र्या आल्या.

"अहो, माणसं दोन आणि छत्र्या तीन?"

"अगं, कितीला मिळाल्या म्हणशील?"

"मी काही म्हणत नाही."

"तरी म्हण ना!"

बाजारातून आले की उंबऱ्यावरूनच ते हाळी द्यायचे, "कितीला म्हणशील?" काकूंनी मुद्दाम कमी आकडा सांगितला, तरी काका त्याहून कमी सांगायचे आणि लहान मुलासारखे टाळ्या पिटायचे. त्यांना असं हसताना काकूंनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणून त्या छत्र्यांबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत.

भाषा काकूंनी भाजीबाजारातून उचलली आणि काकांनी सलूनमधून. त्यामुळं काकूंना घासाघीस आधी आली आणि काकांना गप्पा. गल्लीनंही दोघांना चार दिवसांत काका-काकू करून टाकलं.

समोरच्या घरात वरच्या मजल्यावर एक ताई शिवणकाम करायची. दोन मशिनी, कापड कापायचं भलंमोठं टेबल आणि एक म्हातारी आत्या, एवढा तिचा पसारा. आत्याला कमी ऐकू यायचं, म्हणून ती सगळ्या जगाला ऐकू जाईल असं बोलायची. काकू एक फाटलेली बाही घेऊन गेल्या आणि दुपारभर तिथंच बसल्या. दुसऱ्या दिवशी बाही शाबूत असतानाही गेल्या. ताई मशीन मारायची, काकू काजं-बटणं करायच्या, आत्या दोघींना नावं ठेवायची. परक्या मुलखात काकूंचा जीव पहिल्यांदा कुठं रमला असेल, तर त्या चिंध्यांच्या ढिगाऱ्यात.

आणि तिथंच एक दिवस मशीन थांबलेली होती.

"मालकानं भाडं वाढवलंय," ताई खाली बघत म्हणाली. "दीडपट. महिनाअखेर जागा सोडावी लागणार."

"असं एकाएकी?"

ताईच्या आधी आत्याच बोलली. "एकाएकी कसलं! तुझा नवरा सलूनमध्ये बसून म्हणाला ना, 'आमच्याकडं एवढ्या भाड्यात दाराची कडीसुद्धा मिळत नाही!' शेजारच्या खुर्चीवर आमचा मालक होता. अर्ध्या दाढीनं उठला आणि घरी येऊन भाडं वाढवलं!"

काकूंच्या हातातली सुई बोटात गेली. त्या तशाच उठल्या, जिना उतरल्या, रस्ता ओलांडला. काका वेताच्या खुर्चीत पाय लांब करून बसले होते.

"तुम्ही इथं राहायला आलात की मिरवायला?"

सगळं ऐकून काका आधी ओशाळले, आणि ओशाळले की नेहमी चिडत, तसे चिडले. "मी काय खोटं बोललो? स्वस्ताला स्वस्त म्हटलं."

"स्वस्त तुम्हाला! तिला कशाचं स्वस्त? ती इथंच कमावते, इथंच खाते. तुमच्या जिभेला काही हाड?"

"मग काय तोंड शिवून बसू?"

"शिवायला तरी ती कुठं राहणार आहे आता!"

त्यावर काका उठले आणि पुढच्या खोलीत गेले. काकू मागच्या खोलीत गेल्या. दोन दारं लागली.

इथंच खरा घात झाला. त्या एका खोलीत ते दोघं काही कमी भांडले नव्हते. पण तिथं भांडण उभं राहायलाच जागा नसायची. रुसून भिंतीकडं तोंड करावं, तर पाठीला पाठ लागायची. दार आपटून जावं, तर दाराबाहेर जिना आणि जिन्यात शेजारीण. संध्याकाळपर्यंत कुणाला तरी मीठ मागावंच लागायचं, आणि मीठ मागितलं की भांडणानं मुकाट गाशा गुंडाळायचा.

इथं मात्र भांडणाला पाच खोल्या मिळाल्या. ते ऐसपैस पसरलं. एका खोलीत काकांचा राग, एका खोलीत काकूंचा, आणि मधल्या बोळात दोघांचा अबोला येरझाऱ्या घालत होता. काकू चहा करून बोळातल्या स्टुलावर ठेवायच्या आणि हाक न मारता निघून यायच्या. थोड्या वेळानं तिथं रिकामा कप असायचा, विसळून उपडा घातलेला. एका घरात राहून दोघांना एकमेकांचं तोंड दिसेना. काकू भांडी घासता घासता गुणगुणायच्या,

पाच दारांचं गं घर, दारोदारी मी हिंडते
माझ्याशीच मी बोलते, माझ्याशीच मी भांडते

आठवडा असाच गेला आणि मालकीणबाई करारासाठी आल्या. ठसठशीत बाई, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी पुढच्या खोलीतलं अंथरूण पाहिलं, मागच्या खोलीतलं पाहिलं, आणि ओठ दाबले.

"मी नवऱ्याशी भांडले तर त्याला अंगणात बसवते," त्या काकूंना म्हणाल्या. "एवढी मोठी जागा नाही देत भांडायला."

काकू कसनुसं हसल्या.

"दोघांच्याही सह्या लागतील हं. शनिवारी येते. तुमचं काय ठरलंय?"

"शनिवारी सांगते," काकू म्हणाल्या. पण मनात ठरलं होतं. समोरच्या खिडकीकडं मान वर करून बघता येत नसेल, तर असल्या ऐटीला काय चाटायचंय? आपण परत जायचं. तो गारठा परवडला, तो जिना परवडला. काकांना यायचं तर येतील.

मालकीणबाई गेल्या तशा काकू बॅग काढायला कोठीकडं निघाल्या. बॅगा तिथंच ठेवल्या होत्या. दार लोटलं, तर आत काका!

कोठीत एक अरुंद लोखंडी खाट होती. तिच्यावर, भिंतीला अगदी चिकटून, काका पडले होते. भल्या दुपारी, टक्क जागे. पुढच्या खोलीतलं अंथरूण नुसतं दाखवायला होतं तर! उशाला काकांची टोपी आणि खाटेची बाहेरची अर्धी बाजू मोकळी. एवढ्याशा खाटेवर निम्मी जागा सोडून माणूस भिंतीत शिरल्यासारखा झोपला होता.

काकूंनी तिकडं न बघितल्यासारखं केलं. बॅग खाटेखाली होती. त्या वाकल्या. त्या वाकल्या तसे काकांचे पाय आपोआप वर झाले. काकू उजवीकडं सरकल्या, काकांनी डोकं डावीकडं घेतलं. काकूंनी कपाटाचं दार उघडलं, ते काकांच्या नाकाशी येणार तोच काकांनी हात लावून ते धरलं. काकू मागं झाल्या, काका उठून बसले. काकू त्यांच्या गुडघ्यांवरून पलीकडं गेल्या आणि काकांनी बॅग ओढून त्यांच्या पायाशी ठेवली. एक शब्द नाही, एक धक्का नाही. सगळं पाण्यासारखं झालं. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत जन्मभर केलेला तो नाच दोघांच्या अंगात जसाच्या तसा होता. अबोला फक्त तोंडात होता. हातापायांना कुणी कळवलंच नव्हतं.

हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. काकूंनी काकांकडं बघितलं, काकांनी काकूंकडं. काकांची मिशी थरथरली. आधी काकूंना हसू फुटलं की काकांना, सांगता येणार नाही, पण काकू हसत हसत मटकन त्या मोकळ्या अर्ध्या बाजूवर बसल्या आणि खाट कुरकुरली.

"इथं झोपता होय रोज?"

"त्या मोठ्या खोलीत झोप लागत नाही गं. फलाटावर झोपल्यासारखं वाटतं."

"आणि मला धर्मशाळेत झोपल्यासारखं."

काका बॅगेकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी चुकलो. त्या पोरीच्या पोटावर पाय दिला मी. दोनदा त्या जिन्यापर्यंत गेलो, वर जायला धीर झाला नाही. सलूनमध्ये काल कुणी विचारलं तर सांगितलं, बाबा, फार महाग आहे इथं, कंबरडं मोडलं आमचं!"

"आणि पायात नवे बूट?"

"ते खुर्चीखाली लपवले."

काकूंना पुन्हा हसू आलं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "अहो, आपल्याला लागतं किती? ही कोठी, स्वयंपाकघर आणि मागची खोली. बाकीचं घर आपण वापरतो कुठं?"

"भांडायला वापरतो."

"मग त्या पुढच्या दोन खोल्या..."

पुढचं बोलायची गरजच पडली नाही. काका टोपी घालून उठले होते.

ताईचा जिना दोघं मिळून चढले. दारात काकांनी टोपी काढून हातात घेतली. ताईनं मशीनवरून मान वर केली नाही. आत्यानं मात्र केली.

"हाच का तो? ज्याला सगळं फुकट वाटतं?"

"हो," काका म्हणाले. "तोच मी."

मग त्यांनी मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं. पुढच्या दोन खोल्या आहेत. उजेड चांगला येतो. चूक माझी होती. काकू मधेमधे शब्द पुरवत होत्या.

"काका, दयेनं दिलेल्या खोलीत माझी मशीन चालायची नाही," ताई म्हणाली.

"दया कसली?" काकू पुढं झाल्या. "वाढ होण्याआधी जे भाडं देत होतीस, तेच तिथं द्यायचं. आमचं तेवढं कमी होईल. आणि मला दिवसभर बोलायला माणूस मिळेल, त्याचं काय भाडं लावू मी तुला?"

ताई कापडावरून हात फिरवत राहिली.

आत्यानं घसा खाकरला. "दाराला कडी आहे का?"

"आहे," काका घाईघाईनं म्हणाले. "आतून, बाहेरून, दोन्हीकडून!"

"मग चला," आत्या म्हणाली. "इथला मालक मला मुळीच आवडत नाही. माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतो."

ताईच्या ओठांची शिवण उसवली आणि ती हसली.

मालकीणबाईंना काकूंनी शनिवारच्या आधीच विचारून घेतलं. "मला भाडं मिळाल्याशी काम," त्या म्हणाल्या, "आणि माझे पडदे ती फुकट शिवणार असेल, तर मी काहीच बघितलं नाही."

शनिवारी सामान हललं. मशिनी आल्या, गठ्ठे आले, आत्या खुर्चीसकट आली. अडकलं ते कापायचं टेबल. दारात तिरकं होऊन बसलं, आत जाईना की बाहेर येईना. सगळी गल्ली गोळा झाली. जेवढी माणसं तेवढे सल्ले.

मग काका पुढं झाले. रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी हात वर केला. "बाजूला व्हा सगळे! हां, मागचा माणूस, येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... डावीकडं कट मारा... अजून... बास! आता सरळ!" आणि ते अजस्र टेबल डेपोत गाडी लागावी तसं अलगद आत लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांचा चेहरा असा फुलला की काकूंना वाटलं, या आनंदाची कुणी आता किंमत विचारू नये.

त्याच टेबलावर मालकीणबाईंनी कराराचा कागद पसरला. काकांनी सही केली आणि पेन काकूंपुढं धरलं. धरलं, पण डोळे कागदाकडं नेईनात. ही बॅग घेऊन परत तर जाणार नाही ना, ही त्यांची भीती काकूंना दिसली आणि त्यांनी एक क्षण मुद्दाम लांबवला. मग टेबलावरच्या खडूच्या रेघांवर कागद सरळ केला आणि ठसठशीत सही ठोकली.

"कितीला म्हणशील?" काका कुजबुजले.

"गप्प बसा," काकू म्हणाल्या. "खिडकी उघडी आहे."

जेवणं झाली. काकांनी कोठीत अंग टाकलं आणि घोरू लागले. पुढच्या खोलीत मशीन खडखडत होती. तेवढ्यात भिंतीवर काठीचे दणके बसले.

"काकू!" आत्याचा आवाज बोळ ओलांडून आला. "तुझ्या नवऱ्याला कुशीवर कर! मशीन ऐकू येत नाही मला!"

इतकी वर्षं ते घोरणं काकूंनी एकटीनं ऐकलं होतं आणि काका कधी कबूल झाले नव्हते. आज साक्षीदार मिळाला. हसू दाबत त्या आत गेल्या, काकांना कोपरानं ढोसलं आणि भिंतीकडं बघून ओरडल्या, "पुन्हा एकदा मोठ्यानं सांगा, आत्या! आता जागे आहेत!"