न निघालेला डावा पायडल

फरशीवर पाच वस्तू मांडल्या होत्या: दोन नवे पायडल, एक नवा गिअर, एक पाना आणि जुन्या बुटांचा एक जोड. मित्रांनो, त्यांत मी नव्हतो. मी एक जुना पायडल आहे, डावा, आणि अजून सायकललाच होतो.

कारखान्यात मला रुंद आणि चपटा घडवलं. उजवा भाऊ आणि मी एकाच खोक्यातून बाहेर आलो. आमची मालकीण मावशी आमच्यावर चपला टेकवून रोज अंडी पोहोचवायची. वाटेत दहा दारांशी थांबायची, शेवटी बेकरीत. वर हँडलवर अंगठ्याने ढकलायचा गिअरचा खटका होता. तो म्हातारा खटका कुरकुरायचा, पण कुणी ढकलल्याशिवाय जागचा हलायचा नाही.

मग मावशीचा भाचा सायकलची शर्यत जिंकला.

"मावशी, तुझीही सायकल आता रेसची करून टाकतो!"

नव्या पायडलमध्ये भाच्याचा जुना, तळाला खिट्टी असलेला रेसचा बूट खट्‌कन अडकायचा आणि टाच बाहेर वळवली की सुटायचा. चढावर पाय घसरत नाही, म्हणून शर्यतीला उत्तम. नवा गिअर हँडलची मूठ पिळून बदलायचा.

म्हातारा खटका आणि माझा भाऊ लगेच निघाले. मी निघेना. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात; भाचा मला सोडवायच्या नादात आणखी घट्ट करत होता. त्याच्या सायकलचं सगळं मिस्त्री बघायचा, त्याला काय ठाऊक! शेवटी तो पान्यावर उभाच राहिला. इतका पक्का मी जन्मात कधी बसलो नव्हतो.

"राहू दे रे, एक पायडल तर बदललास ना," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या उजव्या पायात बूट, डाव्यात चप्पल. शेजारीण ओरडली, "अगं, दुसरा बूट कुत्र्याने पळवला का?"

गतिरोधकावर मावशीने हँडल घट्ट धरलं. मूठ पिळली गेली, गिअर आपोआप बदलला आणि पुढचा पाय मारताच साखळीने हिसका दिला. दहाही दारांशी ती डावा पाय टेकत आली, पण बेकरीपाशी तिने सवयीने उजवा पाय पायरीवर टेकायला उचलला. पाय आलाच नाही. मावशी, सायकल आणि टोपली, सगळे सावकाश उजवीकडे गेले.

बेकरीच्या साठांपैकी सतरा अंडी फुटली.

"मावशी, परवापर्यंत हे थांबलं नाही तर मी टेम्पोवाल्याकडून घेणार," बेकरीवाला म्हणाला. बेकरी गेली की मावशीचा धंदाच बसला.

भाचा रडकुंडीला आला. "पायडल आणि खटका, दोन्ही जुने परत बसवतो!"

"एका वेळी एकच," मावशी गुडघा चोळत म्हणाली. "नाहीतर दोष कुणाचा, ते कळणार कसं?"

आधी माझा भाऊ परतला. मावशी पडली नाही, पण गतिरोधकावर मूठ पुन्हा पिळली गेली. सहा अंडी फुटली. मग म्हातारा खटका परतला.

मित्रांनो, ते नवे पायडल वाईट नव्हते. भाच्याच्या सायकलला ते शोभतात. सायकलवर काहीही बदलण्याआधी चालवणाऱ्याला एवढं विचारा, की तू वाटेत कितीदा थांबतोस? आणि डावा पायडल निघत नसेल, तर कृपा करून पान्यावर उभे राहू नका. उलट फिरवून बघा.

खटका परतला त्या दिवशी बेकरीवाल्याने अंडी मोजली. साठांपैकी एकोणसाठ शाबूत. एक त्याच्याच हातून फुटलं, मोजताना.