केसरबाईचा खड्डा

"हाई काय शे? सांग, बठ्ठासले सांग!"

पार्वताबाईने काडीने केसांचा गुंता उचलून जमलेल्या गल्लीला दाखवला. तिचा मुलगा धनसिंग फावडं घेऊन केसरबाईच्या परसातल्या खड्ड्यात कमरेइतका उतरला होता. धरणगावच्या त्या गल्लीत नळाला पाणी आलं तरी एवढी माणसं जमत नसत.

"केस शेतस," केसरबाई म्हणाली. "भिकनना दुकानमाईन आनात."

"न्हावीना दुकानमाईन केस! कसाले वं?"

"कुजतस. माती व्हस."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पण फावड्याला पिळलेली लिंबं लागली, मग अंड्यांची टरफलं, आणि हसणं थांबलं. केस, लिंबू, अंडं. करणीला आणखी काय लागतं? पार्वताबाईची म्हैस पंधरा दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती, दूध वाटीभरावर आलं होतं. त्याचं कारण गल्लीला खड्ड्यात सापडलं.

केसरबाई नगरपालिकेच्या दवाखान्यात बावीस वर्षं आया होती. जमलेल्यांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. धनसिंगला पहिली आंघोळ तिनेच घातली होती. कालपर्यंत तो तिला मावशी म्हणायचा. आज म्हणाला, "ए बाई, बाजूले व्हय!"

खड्डा मुळात तिच्या नवऱ्याचा, वनाचा. तो नगरपालिकेच्या बागेत माळी होता. चहाचा चोथा, नारळाच्या शेंड्या, झिजलेला झाडू, उशीतला जुना कापूस, फाटकी लुगडी, सगळं त्यात जायचं आणि वर्षाने काळीभोर माती होऊन निघायचं. कापडाबाबत त्याचा नियम कडक. एक दोरा ओढायचा, काडी लावायची. राख झाली तर सुती, आत टाकायचं. गोळी झाली तर टेरिकॉट, बाहेर. बटणं, हुक आधी कापून घ्यायचे. तो गेल्यावरही केसरबाई दोरे जाळून बघायची, आणि शेजारणी कुंपणावरून बघायच्या. आता प्रत्येकीला आठवत होतं की त्या दिवशी नेमकी अमावस्याच होती!

प्लास्टिकच्या रंगीत पिशव्या तेव्हा नुकत्या दुकानोदुकानी आल्या होत्या. भाजीच्या साली पिशवीत भरायच्या, गाठ मारायची आणि कोपऱ्यावर भिरकावायची, ही गल्लीची नवी ऐट. केसरबाईने पार्वताबाईला एकदा सांगून पाहिलं होतं, "साली मोकळ्या टाक वं, पिशवीसगट तुनी म्हैसच खास त्या." उत्तर मिळालं होतं, "तुना कायदा तुना खड्डामा ठेव."

फावड्याला कापड लागलं. धनसिंगने ओढून काढलं. अर्धवट कुजलेला पांढरा सदरा.

"नवराना सदरा बी गाडा इनी!" पार्वताबाई किंचाळली. "नवराले खादं, आते मनी म्हैस खास!"

इतका वेळ ताठ उभ्या असलेल्या केसरबाईने सदऱ्याकडे हात पुढे केला. वना गेल्यावर त्याचे बाकीचे कपडे तिने देऊन टाकले होते. हा एक मात्र बोहारणीच्या भांड्यांवर घालवायला तिचं मन धजेना. खड्ड्यात टाकताना बटणं कापायला हवी होती, पण त्याच्या सदऱ्याला कात्री लावणं तिला जमलं नाही. नियम तेवढा एकदा मोडला.

"तो ठी दे," ती म्हणाली. "बाकी बठ्ठं ली जा. तो ठी दे."

सदरा तेवढा राहू दे, हे तिचं कुणी ऐकलं नाही. ओल्या सदऱ्यावर रॉकेल ओतलं. तो जळायला तयार नव्हता, धुरकटत राहिला, तरी तो संपेपर्यंत माणसं हलली नाहीत. मग काळी माती गटारात ढकलून खड्डा दगडविटांनी बुजवला. सगळे गेल्यावर केसरबाईने राख चाळली. तीन पितळी बटणं मिळाली. ती तिने पदराच्या गाठीत बांधली.

तिसऱ्या दिवशी म्हैस मेली. एरंडोलहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चिरलं आणि आतून पिशव्यांचा गोळा ओढून काढला. एका हिरव्या पिशवीची गाठसुद्धा सुटली नव्हती. आत पपईच्या साली होत्या.

"करणीबिरणी काही नाही," डॉक्टर म्हणाले. "हा तुमचाच कचरा आहे."

पार्वताबाईने हिरवी पिशवी ओळखली. क्षणभर तिचा चेहरा पडला. मग ती वळली आणि गर्दीच्या कडेला उभ्या केसरबाईकडे बोट करून ओरडली, "ह्या बी इनीच खावाड्यात!"

म्हणे पिशव्याही तिनेच चारल्या! खरं सगळ्यांना कळलं होतं, पण पिशव्या सगळ्यांच्याच घरच्या होत्या, बोलणार कोण? केसरबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या हातावर जन्मलेली ही तोंडं. तिला त्यांची किळस आली.

ती घरी आली. दुसऱ्या दिवशी भर सकाळी, सगळी दारं उघडी असताना, परसात उकिडवी बसली आणि एकेक दगड उचलून बाजूला ठेवू लागली. कुंपणापलीकडे बायका जमल्या. कुणी थुंकलं. तिने मान वर केली नाही. ढोपरभर खोल झाल्यावर तिने सकाळच्या चहाचा चोथा आत टाकला, वर मूठभर माती ओढली.

मग पदराची गाठ सोडून बटणं तळहातावर घेतली, लुगड्याला पुसली आणि पुन्हा बांधून ठेवली. ती कुजत नाहीत.